टकटक की ठकठक

आमच्या बाबांना ऐकू येत नाही, हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. वॉचमनला ठाऊक होतं, दूधवाल्याला ठाऊक होतं. जिन्यात झोपणाऱ्या कुत्र्यालाही ठाऊक असावं, कारण बाबा आले की तो भुंकायचे कष्टच घ्यायचा नाही. ठाऊक नव्हतं ते फक्त बाबांना. त्यांचं म्हणणं एवढंच, की हल्ली लोक पुटपुटतात. टीव्हीवरचे पुटपुटतात, बँकेतली मुलगी पुटपुटते आणि मी तर काय, जन्मापासून तोंडातल्या तोंडात बोलते.

मी! माझा आवाज मुलुंड स्टेशनपर्यंत जातो असं आई म्हणायची. मी फटकळ, बाबा हट्टी, आणि आमची जुंपली की आई मध्ये पडायची. ती गेल्यावर दोन खोल्यांत आम्ही दोघंच उरलो. घाटकोपरच्या कचेरीतून मी संध्याकाळी घरी यायची, स्वयंपाकघरातून ओरडायची, "बाबा, चहा ठेवू का?"

"काय?"

"चहा!"

"अगो, ओरडतंस कित्याक?"

हे रोजचं. बाबा एरवी मुंबईचं मराठी बोलतात, पण चिडले की थेट मालवणात उतरतात. कान दाखवायला चला म्हटलं की हमखास उतरायचे. "माझ्या कानांका काय झाला? चाळीस वर्सां ह्याच कानांवर भाकरी खाल्लंय."

ते मात्र खरं होतं. बाबा बसच्या डेपोत इंजिन फिटर होते. गाडी डेपोच्या दारातून आत वळते न वळते तोच ते पाना हातात ठेवून सांगायचे, हिचं दोन नंबरचं इंजेक्टर गेलंय. ड्रायव्हर लोक रजेच्या दिवशीही घरी यायचे, "जरा येऊन ऐकता का?" म्हणून. 'ऐकता का' म्हणायचे ते, 'बघता का' नाही. अशा माणसाला तुमचे कान गेले असं कोण सांगणार? आणि सांगितलं तरी ऐकू कुठे येणार होतं.

पण मला खरंच भीती वाटायला लागली होती. आधी त्यांनी सोसायटीची मीटिंग सोडली, मग बागेतला पत्त्यांचा डाव सोडला, मग लग्नकार्यांना जाणं सोडलं. कोणी काही विचारलं की हसून मान हलवायची आणि सटकायचं. घरात टीव्ही ठणाणा आणि माणूस गप्प. हे असंच चाललं तर एक दिवस बाबा माझ्याशीही बोलायचे बंद होतील, असं माझ्या मनाने घेतलं होतं.

म्हणून ती गाडी. तिसऱ्या मजल्यावरचे काका मुलाकडे कायमचे राहायला निघाले होते. त्यांची जुनी, लाल, आठशे सीसीची गाडी दोन वर्षं कंपाउंडमध्ये पिंपळाची पानं अंगावर घेत उभी होती. भंगारवाला न्यायला येणार होता, त्याच्या आधी मी ती विकत घेतली. बाबांना सांगितलं, मला चालवायचा सराव करायचाय, गाडीचं मात्र तुम्ही बघा. त्या दिवशी त्यांनी पलंगाखालची हत्यारांची पेटी बाहेर ओढली. पाने पुसता पुसता त्यांचा चहा गार झाला, तर मलाच ओरडले.

गाडी अकरा दिवस चालली. बाराव्या दिवशी ऐरोलीच्या पुलावर बॉनेटखालून वाफ आली, काटा लालमध्ये गेला आणि एक कचकचीत आवाज होऊन इंजिन जाम झालं. मी चालवत होते, बाबा शेजारी होते. टोचन लावून गाडी परत आणली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गॅरेज आहे. गॅरेजवाला मूळचा जालन्याकडचा, पंचेचाळिशीचा, कामाला चोख. भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर, तिच्याखाली पाने उतरत्या क्रमाने टांगलेले. कोणी जागचा पाना हलवला तर खपत नाही त्याला. त्याने इंजिन उघडलं आणि बाबांना म्हणाला, "काका, ब्लॉकला तडा गेलाय. पाण्याच्या पंपाचं बेअरिंग आधी गेलं असणार, त्यात पाणी फिरायचं थांबलं. दोन दिवस तरी बोंबलत असेल ते. कुंईं कुंईं. आवाज आला नाही का तुम्हाला?"

बाबांनी तेलकट फडक्याला हात पुसले. पुसलेलेच पुन्हा पुसले.

आवाज मला आला होता. परवापासून येत होता. मी म्हटलं, बाबा शेजारी बसलेत, काही वावगं असतं तर बोलले असते. म्हणजे चूक माझी म्हणावी की त्यांची? मला त्यांचा राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली. मी नेहमीसारखी फाडकन बोलून टाकणार होते. पण त्यांचा चेहरा बघितला आणि तोंड मिटलं.

"आता?" मी गॅरेजवाल्याला विचारलं.

"आता ह्या इंजिनात तुळस लावा, ताई. दुसरं आणावं लागेल. कुर्ल्याला मिळेल. कागद असलेलंच घ्या, नाहीतर आरटीओत नंबर चढायचा नाही."

बातमी बिल्डिंगभर झाली आणि सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं भंगारात काढ, वाट लागलीय तिची. सेक्रेटरी म्हणाले, बदलतायच तर मोठं टाका, हजार सीसीचं, गाडी नुसती पळेल. हे बाबांना कसं कोण जाणे बरोबर ऐकू गेलं. "नाकापेक्षा मोती जड," ते म्हणाले. "मोठं टाकलं की खालचे रबर बदला, गिअरबॉक्स बदला, रेडिएटर बदला. मग ब्रेक धरणार नाहीत. जे होतं तेच आणायचं. पारखून आणायचं."

पारखून म्हणजे कसं, ते मला कळलं होतं. रविवारी सकाळी रिक्षात बसताना त्यांच्या पिशवीत पान्याबरोबर हातभर लांबीचा जुना स्क्रू-ड्रायव्हर होता. त्याचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते ऐकायचे.

कुर्ल्याच्या त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी गाड्यांचे अवयव मांडलेले असतात. एका दुकानात नुसते दरवाजे, पुढच्यात नुसत्या सीट. बाबा त्यातून लग्नघरात फिरावं तसे खुशीत फिरत होते. आमच्या गाडीची इंजिनं एकाच शेठकडे होती. दाढीला मेंदी, वय बाबांएवढंच. जमिनीवर चार मांडलेली. शेठने पहिल्यावर हात ठेवला. चंदेरी रंग, नुसतं चकाकत होतं.

"चाचा, ये देखो. एकदम चालू."

बाबा समोर वाकून त्याच्या ओठांकडे बघत होते, त्यामुळे त्यांना ते समजलं. "चालू आहे ते दिसतंय," ते मला म्हणाले. "वरून कीर्तन, आतून तमाशा. इंजिनाला रंग कोण लावतो? ज्याला तेल गळतंय ते झाकायचंय तो."

दुसऱ्याचं तेलाचं झाकण त्यांनी उघडलं, आतून बोट फिरवलं. बोटाला पांढरट साय आली. तेलात पाणी. तेही गेलं. उरली दोन. एक काळंकुट्ट, मागून ठोकलेल्या गाडीतून काढलेलं. दुसरं बरंच स्वच्छ. "डॉक्टर की गाडी थी, चाचा. घर से दवाखाना, दवाखाने से घर."

"कुर्ल्यात येणारी प्रत्येक गाडी डॉक्टरचीच असते," बाबा म्हणाले, आणि शेठ इतका हसला की त्याने चहा मागवला.

काय सांगू, मला माझे बाबा परत मिळाल्यासारखं वाटत होतं. त्यांनी प्लग काढले, भोकावर अंगठा दाबला आणि मला पान्याने इंजिन फिरवायला लावलं. आतली हवा अंगठा उडवते का ते बघायचं. तिन्ही भोकांवर, दोन्ही इंजिनांना. दोन्ही पास. कागद दोन्हींचे होते. राहिलं फक्त ऐकणं.

शेठने डॉक्टरवालं इंजिन लोखंडी घोडीवर चढवलं, बॅटरी जोडली, बाटलीतून पेट्रोल दिलं. इंजिन धडधडलं. बाबांनी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, मूठ कानाशी नेली, डोळे मिटले. वरून ऐकलं, खालून ऐकलं. मग हळूहळू मान हलवायला लागले.

ती मान मला माहीत होती. आत्याचा फोन आला की ते हीच मान हलवतात. तिकडे आत्या सुनेचं गाऱ्हाणं सांगत असते आणि इकडे बाबा, "हो हो, छान, छान."

दुसऱ्याचंही तसंच झालं. डोळे मिटून, मान हलवून. मग ते उठले आणि डॉक्टरवाल्या इंजिनावर थाप मारून म्हणाले, "हे घ्यायचं. झकास आहे."

मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. पण त्या डॉक्टरवाल्याच्या पोटात काहीतरी आपटत होतं, ते मला स्क्रू-ड्रायव्हरशिवाय ऐकू आलं होतं. आता काय करू? बोलले तर भर बाजारात त्यांची अब्रू जाणार. गप्प बसले तर बाद इंजिन घरी येणार, महिन्याभरात पुन्हा बसणार, आणि मग बाबा पुन्हा उभे राहायचे नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा मी बोलण्याआधी विचार केला असेन.

"बाबा, मला एकदा ऐकू द्या ना," मी म्हटलं. "मलाही शिकायचंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नको इतका वेळ पाहिलं. मग स्क्रू-ड्रायव्हर दिला. "कानात नाही. कानामागच्या हाडावर टेकव."

शेठने ते पुन्हा सुरू केलं. मी मूठ हाडावर टेकवली आणि देवा, सगळं इंजिनच डोक्यात शिरलं! आणि त्यात तो आवाज, स्पष्ट.

"ठकठक येतंय!" मी ओरडले.

"टकटक?"

"ठकठक!"

"नीट सांग. टक की ठक?"

"ठक!"

"टक?"

इथे मला उमगलं. बाबांच्या डेपोत टकटक म्हणजे वरच्या टॅपेटचा आवाज, पान्याने जुळवला की गेला, काळजी नाही. ठकठक म्हणजे खालचं बेअरिंग झिजलंय, इंजिन बाद. त्यांची आख्खी विद्या ह्या दोन अक्षरांवर उभी होती आणि त्यांना ही दोन अक्षरं एकमेकांपासून वेगळी ऐकूच येत नव्हती. ओठांवरूनही कळेना, ओठ दोन्हींना सारखेच. मी घसा फोडून ओरडत होते, "ठ! ठ! ठसा! ठमाबाई!" आणि बाबा माझ्या तोंडाकडे बघत विचारत होते, "टमाबाई कोण?" शेजारच्या दुकानातले दोघंतिघं बाहेर येऊन हसायला लागले. मला हसूही येईना, रडूही येईना.

शेवटी मी त्यांचा हात ओढला. तळहात उघडला आणि त्यावर मुठीने मारलं, इंजिनात ऐकू येत होतं तसंच. धप्, धप्, धप्. शेठला खूण केली, त्याने रेस वाढवली. आवाज वाढला तशी मीही जोरात मारायला लागले. बाबा आपल्या हाताकडे बघत राहिले.

"नखाने नाही?" त्यांनी विचारलं. "मुठीने?"

मी मान हलवली.

"खालून येतंय?"

मी पुन्हा मान हलवली. मग काळ्या इंजिनापाशी बसले. तिथे वरच्या बाजूला बारीकसा आवाज होता, शिवणयंत्रासारखा. तो मी त्यांच्या तळहातावर नखाने वाजवून दाखवला. रेस दिल्यावर वाढला नाही, तेही दाखवलं. त्यांनी मूठ मिटली आणि शेठला सांगितलं, काळं द्या.

शेठ डॉक्टरवाल्याकडे बघून ओशाळं हसला. "मान गये चाचा. क्या पकडा!"

बाबांनी ती शाबासकी घेतली. मीही घेऊ दिली. पण परतीच्या रिक्षात मी धुमसत होते. नाही म्हटलं तरी राग येतोच ना! एक शब्द तरी बोलायचा माणसाने. विक्रोळी आली, भांडुप आलं, बाबा बाहेर बघत बसले होते आणि उजव्या हाताने डावा तळहात चोळत होते. मी जरा जास्तच जोरात मारलं होतं.

इंजिन टेंपोने आलं. गॅरेजवाल्याला ते बसवायला चार दिवस लागले. बाबा रोज सकाळी जाऊन बसायचे, नवीन पंप, नवीन पट्टा, सगळं उभं राहून करून घ्यायचे. माझ्याशी मात्र कामापुरतं बोलायचे. शनिवारी मी कचेरीतून लवकर निघाले, कारण इंजिन पहिल्यांदा सुरू करायचं होतं. शेजारी इस्त्रीवाला, पलीकडे वडापावच्या गाडीवर माणसं, बिल्डिंगमधले चारपाच जण खास बघायला खाली उतरलेले. सेक्रेटरीही होते.

दोनदा किरकिरून इंजिन सुरू झालं. गॅरेजवाल्याने रेस दिली, सोडली, बॉनेटकडे आला आणि मोठ्या मानाने बाजूला झाला. "या काका. तुम्हीच ऐकून सांगा, ठीक लागलंय का?"

बाबा पुढे गेले. गाडीच्या कडेवर हात ठेवला. मला वाटलं, झालं, आता ती मान हलणार. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग गॅरेजवाल्याला हळूच काहीतरी म्हणाले.

"काय?" गॅरेजवाला म्हणाला. इंजिन धडधडत होतं.

बाबा पुन्हा म्हणाले.

"काय म्हणालात काका? जरा मोठ्याने!"

बाबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी छातीत हवा भरली आणि नेमकं त्याच वेळी, त्यांचं नीट ऐकू यावं म्हणून, गॅरेजवाल्याने खिडकीतून हात घालून चावी फिरवली. इंजिन बंद झालं आणि बाबांचा आवाज त्या शांततेत आख्ख्या गल्लीला ऐकू गेला.

"माका ऐकाक येणा नाय!"

इस्त्रीवाल्याचा हात थांबला. सेक्रेटरींनी मान खाली घातली. मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी. पण बाबा सरळ उभे होते.

"हिला विचार," ते म्हणाले. आता त्यांचा आवाज साधा होता. "कुर्ल्यालाही हिनेच ऐकलं. मी नुसती मान हलवली. बाद इंजिन उचलणार होतो."

गॅरेजवाला हात पुसत राहिला. मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "काका, माझापण डावा कान गेलाय. ग्राइंडरने. घरी नाही सांगितलं अजून."

बाबांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी मला विचारलं, "काय म्हणतो?" मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. ते दोन पावलं पुढे झाले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"सांगून टाक रे बाबा. आजच सांग. मी चार वर्षं लपवलं. हिला वाटायचं मी हट्टी आहे. हट्टी नव्हतो रे, घाबरलो होतो. कान गेले म्हणजे मीच गेलो, असं वाटायचं. फार त्रास दिला मी हिला."

माझे डोळे भरून आले होते आणि सगळी गल्ली बघत होती, म्हणून मी म्हटलं, "बाबा, गाडी चालू करा."

त्यांची पाठ माझ्याकडे होती. त्यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा ओरडायला तोंड उघडलं, आणि मिटलं. गाडीला वळसा घालून त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले, त्यांनी माझ्याकडे बघेपर्यंत थांबले, आणि तेच पुन्हा म्हटलं, हळू.